बुडबुड्याचे गणितही स्वदेशीच हवे

स्वदेशी हा शब्द उच्चारला, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर साबण, दंतमंजन, शीतपेये आणि दिवाळीत खिडकीला लटकणाऱ्या चिनी दिव्यांच्या माळा येतात. त्या वस्तूंविषयीचा आग्रह योग्यच आहे आणि तो सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु जे पारतंत्र्य दुकानाच्या फळीवर मांडलेले असते, ते ओळखणे सोपे. ज्याला वेष्टन नाही, ज्यावर कोणत्या देशात बनले याचा शिक्का नाही, त्या पारतंत्र्याविषयी आपल्या बैठकांत आणि बौद्धिकांत कधी चर्चा होते काय? अणुभट्टीच्या पोटात उसळणाऱ्या पाण्याचे आणि वाफेचे गणित कोणी मांडायचे, हा असाच एक दृष्टीआड राहिलेला प्रश्न आहे.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्याचे कारण आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत शंभर गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्या वेळी देशाची एकूण क्षमता जेमतेम आठ हजार मेगावॅटच्या आसपास होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संसदेने 'शांती' या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत करून या क्षेत्राची दारे खासगी कंपन्यांनाही उघडली. उद्दिष्ट भव्य आहे आणि राष्ट्राच्या सामर्थ्याला शोभणारे आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र दारे उघडली, की आत कोण येतो आणि येताना काय घेऊन येतो, हे पाहण्याची जबाबदारी घरधन्याची असते. परदेशी पुरवठादार भट्टी घेऊन येईल. भट्टीसोबत ती सुरक्षित असल्याचे सांगणारे हजारो पानांचे गणितही घेऊन येईल. ते गणित तपासण्यासाठी आपल्या हातात जी फूटपट्टी असेल, तीही त्यानेच दिलेली असेल तर?

विषय क्लिष्ट वाटतो, पण तो आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे गाव पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या हलवायाच्या भट्टीवर दूध आटत असते, तेव्हा कारागीर कढईपासून हलत नाही. तळाशी बुडबुडे धरू लागले, की शांत दिसणारे दूध क्षणात फुगून काठावर येते हे त्याला ठाऊक असते. दूध वाढलेले नसते. त्यात वाफ शिरलेली असते. उघड्या भांड्यात एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ झाली, तर ती सुमारे सोळाशे लिटर जागा व्यापते. म्हणजे चिमूटभर वस्तुमान वाफेत गेले तरी भांड्याचे सारे चित्र पालटते.

दुसरे उदाहरण भाकरीच्या तव्याचे. तवा पुरेसा तापला की नाही हे पाहण्यासाठी आपल्या आया-बहिणी त्यावर पाण्याचे शिंतोडे मारतात. तवा मध्यम तापलेला असेल तर पाणी चर्रकन उडून जाते. पण तो अतिशय तापलेला असेल तर थेंब मोत्यासारखे नाचत राहतात आणि चटकन आटत नाहीत. तवा अधिक तापलेला असूनही पाणी सावकाश का आटावे? थेंबाच्या खाली वाफेचा पातळ पडदा तयार होतो आणि तो तव्याची उष्णता थेंबापर्यंत पोहोचू देत नाही. आता तव्याच्या जागी अणुइंधनाची कांडी आहे अशी कल्पना करा. तिच्याभोवती असा वाफेचा पडदा बसला, की पाणी समोर असूनही तिची उष्णता वाहून नेली जात नाही आणि कांडीचे तापमान झपाट्याने चढते. ही वेळ नेमकी कोणत्या क्षणी, कोणत्या दाबाला, किती वेगाच्या प्रवाहात येईल, हे आधी सांगता येणे म्हणजे अणुभट्टीच्या सुरक्षेचा गाभा होय. अभियंते याला द्विप्रावस्था प्रवाहाचे प्रतिमान म्हणतात. आपण त्याला बुडबुड्याचे गणित म्हणू.

हे गणित अवघड का आहे? पाणी एकटे वाहते तेव्हा त्याचे नियम बऱ्यापैकी हाती आहेत. वाफ एकटी वाहते तेव्हाही आहेत. दोघे एकाच नळीतून निघाले, की संसार कठीण होतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत पाणी थेट इंधनाभोवतीच उकळते. तिथे दाब सुमारे सत्तर वातावरणांचा आणि तापमान सुमारे २८५ अंश सेल्सिअस असते. त्या स्थितीत पाण्याची घनता वाफेच्या वीसपट असते. हलकी वाफ पुढे धावते आणि जड पाणी मागे रेंगाळते. प्रथम सुटे बुडबुडे, मग त्यांचे मोठे गोळे, पुढे नळीच्या भिंतीला चिकटलेला पाण्याचा पातळ थर व मधून सुसाट जाणारी वाफ, आणि शेवटी कोरडी भिंत व वाफेत तरंगणारे तुषार, अशी रूपे एकाच नळीत, काही मीटरांच्या उंचीत बदलत जातात. संगणकाला हे सांगायचे तर वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांची पाण्यासाठी तीन व वाफेसाठी तीन, अशी सहा समीकरणे मांडावी लागतात. समीकरणे सर्वांना खुली आहेत, पाठ्यपुस्तकांत आहेत. गोम वेगळीच आहे. वाफ पाण्याला किती ओढते, दोहोंमधील पृष्ठभाग किती, उष्णता किती वेगाने इकडून तिकडे जाते, हे समीकरणे सांगत नाहीत. ते प्रयोग करून, मोजून, सूत्ररूपाने आत भरावे लागते. ज्याने प्रयोग केले त्याची सूत्रे, आणि ज्याची सूत्रे त्याची संहिता.

हे गणित चुकले, किंवा चालकाच्या डोक्यात ते मुळातच नसले, तर काय होते ते अमेरिकेने २८ मार्च १९७९ च्या पहाटे थ्री माइल आयलंड येथे पाहिले. दाब कमी करण्यासाठी उघडलेली एक झडप पुन्हा बंद झाली नाही. तिच्यातून शीतक बाहेर जात राहिला, दाब उतरला आणि जिथे पाणी उकळणे अपेक्षितच नव्हते तिथे ते उकळू लागले. वाफेच्या पोकळ्यांनी उरलेले पाणी वर, दाब सांभाळणाऱ्या टाकीत ढकलले. नियंत्रण कक्षातील काटा टाकी भरलेली असल्याचे दाखवू लागला. तिथे बसलेली माणसे अडाणी नव्हती, प्रशिक्षित होती. टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही एवढे त्यांना पढवलेले होते. त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला आणि आपत्कालीन पाण्याचा पुरवठा स्वतःच्या हाताने कमी केला. वर टाकी भरलेली आणि खाली इंधन उघडे पडत चाललेले, अशा स्थितीत भट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला. हलवायाच्या कढईत दूध वर आले म्हणजे दूध वाढले असे समजण्यातलाच हा प्रकार होता, फक्त किंमत कितीतरी पटींनी मोठी.

अमेरिका यातून शिकली, हे मान्य केले पाहिजे. आयडाहो येथील प्रयोगशाळेत गळतीचे मोठमोठे प्रयोग झाले, त्यांतून संगणकीय संहिता घडल्या आणि त्यांपैकी 'रिलॅप' ही जगभर पसरली. फ्रान्सने स्वतःची 'कथार' घडवली. कॅनडाने आपल्या आडव्या नळ्यांच्या भट्ट्यांसाठी वेगळी संहिता रचली. आणि आपल्यानंतर या क्षेत्रात उतरलेल्या दक्षिण कोरियाने काय केले? अमेरिकी संहितांवर शिकून झाल्यावर २००६ मध्ये स्वतःची संहिता लिहायला घेतली आणि २०१७ मध्ये आपल्या नियामकाकडून तिला मान्यता मिळवली. ज्या देशाला भट्ट्या विकायच्या होत्या, त्याने आपले गणित आपले करून घेतले.

आणि आपण? इथे उठसूट स्वतःला कमी लेखण्याची जी सवय आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांना जडली आहे, तिला बळी पडण्याचे कारण नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने या विषयात जे काम केले आहे ते जगात कुठेही मान ताठ ठेवून सांगावे असे आहे. थोरियमचा वापर करणाऱ्या तीनशे मेगावॅटच्या प्रगत जड पाणी अणुभट्टीचा आराखडा तिथे तयार झाला. डॉ. अनिल काकोडकर यांच्यासारख्या मराठी वैज्ञानिकाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. या भट्टीत मुख्य शीतक फिरवायला पंपच नाहीत. उकळते पाणी हलके होऊन वर जाते, थंड व जड पाणी खाली येते आणि या नैसर्गिक अभिसरणावर गाभा थंड राहतो. वीज गेली म्हणून पंप थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात वीज गेल्यावर काय घडले हे ज्यांना आठवते, त्यांना या कल्पनेचे मोल वेगळे सांगायला नको. परंतु ज्या भट्टीत प्रवाहाची सारी भिस्त वाफेवर आहे, तिथे बुडबुड्याचे गणित हेच इंजिन ठरते. ते प्रवाह डोलू लागतात, हेलकावतात. अमेरिकेतील लासाल येथील भट्टीत ९ मार्च १९८८ रोजी पंप बंद पडल्यावर शक्तीचे असे हेलकावे प्रत्यक्ष आले होते. म्हणून तुर्भ्याच्या अभियंत्यांनी नैसर्गिक अभिसरणाचे प्रायोगिक संच उभारले, नियोजित भट्टीच्या पूर्ण उंचीचा चाचणी-संच बांधला आणि वाफ-पाण्याचे वर्तन स्वतः मोजले. अणुऊर्जा महामंडळाच्या अभियंत्यांनी जड पाण्याच्या भट्ट्यांतील गळतीच्या विश्लेषणासाठी स्वतःची संहिता लिहिली. तिचे नाव 'आत्मिका'. नाव ठेवणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी, की हे सारे असूनही आपले शोधनिबंध उघडून पाहिले तर पानोपानी 'रिलॅप' भेटते. ती वापरण्यात पाप नाही. पण ती मूलतः उभ्या इंधनकांड्यांच्या पाश्चात्त्य भट्ट्या डोळ्यांसमोर ठेवून घडली. आपल्या स्वदेशी भट्ट्यांचा कणा आडव्या नळ्यांचा आहे. २२० मेगावॅटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या असतात आणि काक्रापारला जुलै २०२० मध्ये प्रथम कार्यान्वित झालेल्या ७०० मेगावॅटच्या भट्टीत ३९२. आडव्या नळीत प्रवाह मंदावला, की वाफ वर आणि पाणी खाली असे थर पडतात. वरच्या कांड्या वाफेत उघड्या आणि खालच्या पाण्यात बुडालेल्या, अशी स्थिती उभ्या नळीत संभवत नाही. त्यातच या ७०० मेगावॅटच्या रचनेत नळीच्या टोकाशी थोडे पाणी उकळू देण्याची मुभा मुद्दाम ठेवलेली आहे. म्हणजे ज्या भट्ट्यांचा ताफा आपण उभारत आहोत, त्यांत वाफ-पाण्याचा मिश्रप्रवाह हा केवळ अपघाताच्या वेळचा पाहुणा नाही, घरचाच रहिवासी आहे. या रहिवाशाची ओळख आपण आयडाहोला विचारून घ्यायची काय?

यावर आपल्याकडच्या सरकारी आणि विद्यापीठीय शहाण्यांचे एक ठरलेले उत्तर असते. बाजारात तयार वस्तू मिळत असताना पुन्हा तीच घडवण्यात वेळ आणि पैसा कशाला घालवायचा? हे उत्तर ज्यांनी दिले, त्यांनी तारापूरचा इतिहास वाचलेला नाही. १९६३ च्या कराराने अमेरिकेने तारापूरला समृद्ध युरेनियम पुरवण्याचे दीर्घ मुदतीचे वचन दिले. १९६९ मध्ये भट्ट्या वीज देऊ लागल्या. १९७४ मध्ये पोखरणला पहिला स्फोट झाला आणि १९७८ मध्ये अमेरिकेने आपल्या संसदेत नवा कायदा करून त्याच्या आड स्वतःचेच वचन मोडले. पुढे १९८२ मध्ये फ्रान्सशी बोलणी करून इंधनाची सोय लावावी लागली. महासंगणकाच्या बाबतीत तेच. १९८० च्या दशकात क्रे संगणक देताना अमेरिकेने जे अडथळे घातले, त्यांना उत्तर म्हणून पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' साकारला. तुर्भ्याच्या 'अनुपम' मालिकेचा आरंभही १९९१ चाच. मे १९९८ मध्ये अटलजींच्या सरकारने पोखरणला पुन्हा स्फोट केले, तेव्हा भाभा केंद्राचे नाव अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेले आणि तिथून ते निघायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले. जवळजवळ सत्तावीस वर्षे! आज यादीतून नाव निघाले म्हणून हुरळून जाणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की उद्या ते पुन्हा घातले जाणार नाही, याची हमी कोणी दिली आहे?

इंधन थांबले तर निदान कळते. भट्टी मंदावते, वर्तमानपत्रात बातमी येते. गणिताचे तसे नसते. संहिता चालतच राहते, उत्तरे देतच राहते. फक्त तिच्या आतील कोणते सूत्र कोणत्या प्रयोगातून आले, ते कुठवर खरे आणि कुठून पुढे अंदाज, हे विचारायला समोर कोणी उरत नाही. आंतरराष्ट्रीय तुलनात्मक सरावांत एकच संहिता आणि एकच प्रश्न निरनिराळ्या गटांना दिला, तरी उत्तरे निरनिराळी येतात हा वारंवार आलेला अनुभव आहे. यंत्र तेच, पण ते चालवणाऱ्याची समज वेगळी. ही समज विकत मिळत नाही. ती संहिता लिहिताना, खोडताना आणि प्रयोगाशी ताडून पाहतानाच येते.

राजूरच्या परिसरात हे समजावणे तसे कठीण नाही. याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला, तो गावरान बियाणे सांभाळल्याबद्दल. संकरित बियाणे बाजारात सहज मिळत असताना या माउलीने जुने वाण मडक्यांत का जपले? विकतच्या बियाण्याचे पीक येते, पण त्याचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही, पुन्हा दुकानाच्या दारात उभे राहावे लागते, हे तिला शाळेत न जाता उमगले. आमच्या अनेक पदवीधरांना संगणकीय संहितेच्या बाबतीत ते अजून उमगायचे आहे. आणि स्वत्वासाठी किती किंमत मोजायची असते, हे या मुलुखाला शिकवण्याची आवश्यकता नाही. इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे इथलेच. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात ते फाशी गेले.

येथे आपल्याच काही बांधवांचेही कान उपटणे भाग आहे. अणूचा विषय निघाला, की कणादांचे नाव घेऊन समाधानाने हात झटकणारी मंडळी आपल्यात कमी नाहीत. कणादांविषयी आदर असावाच. परंतु परमाणूच्या दर्शनातून उकळत्या पाण्याच्या प्रवाहाचा वेग निघत नाही, तो तुर्भ्याच्या संचावर मोजावा लागतो. विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव घ्यायचे आणि प्रयोगशाळेकडे पाठ फिरवायची, ही विसंगती आहे. पूर्वजांच्या पुण्याईवर जगणारे कुळ फार काळ प्रतिष्ठित राहत नाही.

दुसरा कानपिचक्यांचा मानकरी म्हणजे आपला अणुऊर्जा विभाग. भट्टीच्या काही गोष्टी गुप्त असायलाच हव्यात, यावर दुमत नाही. पण नळीतील पाणी-वाफेच्या प्रयोगांची आकडेवारी आणि स्वदेशी संहितेचे अंतरंग देशातील विद्यापीठांना मोकळेपणाने मिळत नसेल, तर पवईचा किंवा पुण्याचा विद्यार्थी नाइलाजाने परदेशी संहितेकडेच वळणार. ज्या स्वदेशीवर टीका करण्याची सोय नाही, ती स्वदेशी कच्चीच राहते. आणि ज्या तीनशे मेगावॅटच्या भट्टीसाठी एवढे प्रयोग झाले, तिच्यासाठीची प्रायोगिक अणुभट्टी २००८ मध्ये कार्यान्वित झाली, ती मूळ भट्टी अद्याप प्रत्यक्षात उभी नाही. कागदावरच्या पराक्रमाची पानसुपारी आणखी किती वर्षे वाटायची?

उरला विरोधकांचा प्रश्न. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आल्यापासून कोकणात जे चालले आहे ते सर्वांसमोर आहे. परिषदांतून परिषदांत फिरणाऱ्या व्यावसायिक विरोधकांना अणुशक्तीच नको आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. अर्थात आपल्या जवळच्या म्हणवणाऱ्या मित्रपक्षानेही त्या काळी त्याच सुरात सूर मिसळला होता, हेही विसरता येत नाही. पण साखरी नाट्याच्या मच्छीमाराची भीती खोटी नाही. त्याला घाबरट म्हणणे हा उर्मटपणा होईल. गळती झाली तर भट्टी किती वेळ तग धरेल, असे त्याने विचारले, तर कोणते उत्तर द्यायचे? विकणाऱ्याने वस्तू उत्तम असल्याचे सांगितले आहे, हे? की आमच्या माणसांनी, आमच्या संहितेने, आमच्या संचावर पारखून हे उत्तर काढले आहे, हे? ११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत एका नळीतून जड पाण्याची गळती झाली. भट्टी आपोआप बंद झाली आणि आपत्कालीन शीतकाची यंत्रणा ठरल्याप्रमाणे कामाला लागली. ती यंत्रणा आपल्या माणसांनी मांडलेली होती, म्हणून तिच्याविषयी ते अधिकारवाणीने बोलू शकले.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे आणि ती सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून मवाळ करण्याचे कारण नाही. जैतापूरचा अंतिम करार असो वा नव्या कायद्याखाली एखाद्या खासगी उद्योगसमूहाला द्यावयाचा परवाना असो, भट्टीची संपूर्ण भूमिती, इंधनजुडग्यावरील उष्णतेच्या चाचण्यांची मूळ आकडेवारी आणि पुरवठादाराने गणितात धरलेली गृहीतके भारतीय नियामकाच्या हाती देण्याचे कलम त्यात असलेच पाहिजे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, पुरवठादाराच्या संहितेशी रक्ताचे नाते नसलेल्या स्वदेशी संहितेने गळतीचे प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे सोडवणारा स्वतःचा अभियंत्यांचा गट हवा, आणि दोन्ही उत्तरांत तफावत आली तर ती का आली हे लेखी सांगितल्याशिवाय भट्टीत इंधन भरू देता कामा नये. छोट्या भट्ट्यांच्या संशोधनासाठी २०२५ च्या अर्थसंकल्पात वीस हजार कोटी रुपये ठेवलेले आहेत. त्यातला एक लहानसा हिस्सा आडव्या नळ्यांच्या मोठ्या चाचणी-संचासाठी आणि त्यावर काम करणाऱ्या विद्यापीठांसाठी राखून ठेवावा, आणि त्या संचावरील मोजमापे देशातील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाला, मग ते मुंबईत असो की राजूरसारख्या डोंगराळ भागातील मुले जिथे शिकायला जातात त्या संगमनेर-नाशिकला, मागताच मिळावीत.